नाही म्हणायची शिकवणी

शिकवणीच्या पहिल्या संध्याकाळी मी जिना चढले ती डोक्यावर लॅम्पशेड घालून. वेड वगैरे लागलं नव्हतं. बाहेर पाऊस होता, छत्री दुकानात विसरले होते आणि गिऱ्हाइकाची ती पिवळी शेड प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली होती. वरच्या पायरीवर एकजण कोटाच्या आत काहीतरी सांभाळत उभा होता. दोन बटणांच्या मधून एक हिरवं पान बाहेर डोकावत होतं.

"डोक्यात प्रकाश पडावा म्हणून लोक इथे येतात," तो गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही तर घरूनच सोय करून आलात."

"आणि तुम्हाला पालवी फुटलीये," मी म्हटलं.

तो मान खाली घालून हसला. केसांतलं पाणी त्या पानावर ओघळलं... आणि मी उगाचच बघत राहिले.

वाचनालयाच्या माडीवरचा तो वर्ग छोट्या दुकानदारांसाठी होता. पुढच्या पाच वर्षांचा विचार कसा करायचा, निर्णय कसे घ्यायचे, हे तिथे शिकवत. मॅडमची एक तऱ्हा होती. त्या जोड्या लावायच्या आणि म्हणायच्या, "आपल्याच धंद्यातली खोट आपल्याला दिसत नाही. एकमेकांची बघा." माझी जोडी कोणाशी लागली, हे वेगळं सांगायला नको.

त्याची रोपवाटिका होती. खोट शोधायला मला फार वेळ लागला नाही. त्याला रोपं विकवतच नसत! गिऱ्हाईक आलं की हा त्याचीच उलटतपासणी घ्यायचा. खिडकी कुठल्या दिशेला? गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? चांगली चांगली झाडं तर मागे लपवून ठेवलेली.

"अशाने दुकान नाही, जंगल होईल तुमचं," मी म्हटलं.

"मग काय करू? जीव अडकतो हो."

"भाड्याने द्या. ऑफिसांना, दवाखान्यांना. दर आठवड्याला तुम्हीच जाऊन त्यांची विचारपूस करा. झाडं तुमचीच राहतील."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. "आता तुमची पाळी," मी घाईघाईने म्हटलं.

तो सबंध दुपार माझ्या दुकानात बसला. मी आणि आत्या, दोघींचं ते कापडी लॅम्पशेड शिवायचं दुकान. एका बाईंना उद्याच्या उद्या शेड हवी होती. मी हो म्हटलं. एकांना छत्री शिवून हवी होती, हो. एक आजोबा पोपटाचा वाकलेला पिंजरा घेऊन आले, त्यांनाही हो.

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही," तो हळूच म्हणाला.

"दुधाच्या दातांबरोबर पडला तो शब्द हिचा," आत्या आतून म्हणाली.

मग दर शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही लांबच्या वाटेने घरी जाऊ लागलो. ओल्या रस्त्यावर दिवे सांडलेले असायचे. तुम्ही म्हणता म्हणता कधी तू झालं, दोघांनाही कळलं नाही. मला शनिवारखेरीज दुसरा वार सुचेना.

आणि तेवढ्यात एका हॉटेलचं बोलावणं आलं. दूरच्या शहरातलं, भलं मोठं. सगळ्या खोल्यांसाठी एकसारख्या पांढऱ्या शेड, वर्षानुवर्षांचं काम. अट एकच, इथलं दुकान बंद करून कारखाना तिकडे थाटायचा. सवयीने माझ्या ओठांवर हो आलंच होतं. मोठ्या कष्टाने मी विचार करायला सवड मागितली.

त्याच्या काचघरात गेले. छपरावर पाऊस वाजत होता, मातीचा ओला वास दाटला होता.

"वर्गातला जोडीदार म्हणून सांग. जाऊ?"

"काम मोठं आहे. नाव होईल तुझं." तो कुंडीतली माती उगाचच दाबत राहिला.

"आणि जोडीदार म्हणून नाही... तर?"

"तर नाही सांगणार."

"का?"

"मी थांब म्हटलं, तर तू थांबशील. त्या पोपटवाल्या आजोबांना हो म्हणालीस ना, तशीच. मला तसलं हो नकोय गं."

असा राग आला! तरातरा घरी आले, आणि दार लावून रडले. कारण तो म्हणाला ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकटीच बसले आणि मॅडमचे प्रश्न स्वतःला विचारले. पाच वर्षांनी सकाळी दुकान उघडल्यावर हात पहिल्यांदा कशाला लागलेला आवडेल? कापडाला. तिकडे तो लागणार फोनला. एकाच गिऱ्हाइकावर सगळं दुकान टांगायचं? एका खिळ्यावर घरातली सगळी भांडी कोणी टांगतं का? उत्तरं येत गेली. त्यांत त्याला मी मुद्दाम कुठेच येऊ दिलं नाही. फार जड गेलं ते.

मग हॉटेलला फोन लावला. "नाही जमणार," मी म्हटलं. "दुकान इथेच राहील. तुमच्या दिवाणखान्यातले मोठे दिवे हवे असतील, तर हाताने करून देईन." कळवतो म्हणाले. फोन ठेवला तेव्हा आत्या दारात उभी होती. पाठीवरून हात फिरवून गेली.

काचघरात पोहोचले तेव्हा तो झाडांना पाणी घालत होता. "कधी निघतेस?" त्याने वळूनही पाहिलं नाही.

"जात नाहीये."

झारी थांबली. "माझ्यासाठी?"

"नाही. दुकानासाठी. तुझा विचारच केला नाही मी. मुद्दाम."

तो वळला. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्याच्या डोळ्यांत उतरलं होतं.

"मग... आता विचारू?"

"विचार ना."

त्याने विचारलं. अडखळत, मातीचे हात कोटाला पुसत, अगदी साध्या शब्दांत. आणि जन्मात पहिल्यांदाच मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे बघत राहिले... त्याचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता, तरी सावकाश, मनाचा कोपरान् कोपरा तपासून घेतला.

मग हो म्हणाले.