हिरवं पान

एडविन प्रॉसरची आणि माझी पहिली भेट कागदांच्या कपाटात झाली. मी गुलाबी कागद काढायला गेले होते. तो आधीच आत उभा होता — निर्मात्यापासून लपून.

"बाहेर हॅलमसाहेब आहेत का हो?"

"आहेत. तुम्हालाच शोधताहेत."

"मग... दार लावून घ्या ना."

लावलं. यात माझं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

एडविन आमच्या अंतराळ मालिकेचा लेखक आणि मी लंडनच्या त्याच टीव्ही स्टुडिओतली टायपिस्ट. तिथला नियम साधा होता : संहितेत बदल झाला की पान नव्या रंगाचं, आणि नटमंडळींनी सगळ्यात नवा रंग पाठ करायचा.

एडविनच्या मूळ, पांढऱ्या पानावर अंतराळयानाची चालक ऑर्ला हिला कप्तान हुकूम देतो, एका परक्या ग्रहावरच्या शेवटच्या प्राण्याला गोळी घाल. ती म्हणते, "नाही. तुम्ही जा. मी इथंच थांबते." हॅलमसाहेबांनी बदल करवल्यावर निळ्या पानावर ती म्हणाली, "नको, असं वाटतं." गुलाबीवर नुसती रडली. पिवळ्यावर तिनं बेशुद्ध होऊन कप्तानाच्या हातांत पडायचं होतं.

"बायका बेशुद्ध पडल्या की प्रेक्षक खूश होतात," हॅलमसाहेब म्हणाले.

"माझी आई प्रेक्षकच आहे, साहेब. ती बाँब पडत होते तेव्हासुद्धा बेशुद्ध पडली नाही."

"मिस ऑकेंडन, तुम्ही टाइप करा."

एडविननं मान डोलावली. मला त्या मानेचा भयंकर राग आला.

"कशाला हो म्हणालात?" मी कँटीनमध्ये विचारलं.

"पुढचे भाग लिहायचेत मला."

"आणि मला ते पांढरं पान लिहिणारा माणूस हवाय."

बोलून गेले खरी... मग मी बशीतला घेवडा काट्यानं इकडून तिकडे सारू लागले.

"तो भित्रा आहे हो," तो हळूच म्हणाला.

"ते कपाटातच कळलं."

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मी मशीनमध्ये हिरवा कागद चढवला. एडविन दारात थबकला.

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. 'नाही'च्या पुढे स्वल्पविराम?"

त्यानं खुर्ची ओढली. "पूर्णविराम," तो म्हणाला.

ऑर्ला झालेल्या नटीनं हिरवं पान आनंदानं पाठ केलं. कप्तानानं नेहमीप्रमाणे फक्त स्वतःची वाक्यं वाचली होती. ती ठणठणीत उभी राहून "नाही" म्हणाली, तेव्हा तो बिचारा रिकामे हात पसरून उभा होता. आमच्याकडे चित्रीकरणाची टेप कापून पुन्हा जोडायची पद्धत नव्हती. जे झालं ते झालं.

"हे कुणाचं काम?" हॅलमसाहेब गरजले.

"मी टाइप केलं."

"मी लिहिलं," एडविन म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "पुन्हा विचारलंत तर पुन्हा तेच लिहीन."

पाव तासात दोघंही नोकरीबाहेर, स्टुडिओच्या पायऱ्यांवर होतो. पाऊस भुरभुरत होता.

"बेरिल..." त्यानं पहिल्यांदाच माझ्या नावानं हाक मारली. तेवढ्यात हॅलमसाहेब दारात आले.

"प्रॉसर, वेडेपणा पुरे. आत ये. टायपिस्ट काय, दुसरी मिळेल."

"मला नाही मिळणार," एडविन म्हणाला.

त्यानं साहेबांकडे पाठ केली आणि भर पावसात माझा हात धरला. साहेबांनी पुन्हा हाक मारली. पण त्यानं माझा हात सोडला नाही.