मारीची ओंजळ

आडी म्हणजे आषाढाचा महिना लागला की तामिळनाडूतल्या तरंगमबाडीत घरोघर देवी येतात. यंदा त्या कोदै टीचरच्या घरी आल्या. तिची लेक याळिनी आतल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर तापानं फणफणत पडली होती. "कांजिण्यांचे जंतू असतात, मारीयम्मा देवी वगैरे काही नसतं," असं कोदै शाळेत ठणकावून सांगायची. पण दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते ते तिनंच. शास्त्र आपल्या जागी, लेक आपल्या जागी.

भर दुपारी परसदारी हाक आली, "टीचरम्मा, पाणी द्याल?"

आठ-नऊ वर्षांची पोर. मनगटाला हळदीचा दोरा. ओंजळ आधीच तोंडाशी नेलेली. पाणी वरून ओतलं जाणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

"नाव काय गं?"

"मारी."

"कुठल्या वस्तीतली?"

पोरीनं ओंजळ आणखी घट्ट जुळवली.

कोदैनं स्टीलच्या पेल्याकडे हात नेला आणि तो मध्येच अडला. सासूच्या काळी परसदारी अशा लोकांसाठी एक करवंटी टांगलेली असे. लग्न होऊन आल्यावर कोदैनं ती मोठ्या तोऱ्यात उकिरड्यावर भिरकावली होती, आणि वर्गात ती गोष्ट रंगवून रंगवून सांगितली होती. आता तिचा हात भिंतीवर तीच करवंटी शोधत होता.

"आज नळाला पाणी नाही आलं. पुढे जा."

पोरीनं काठोकाठ भरलेल्या घागरीकडे पाहिलं. ओंजळ तशीच धरून निघून गेली.

कोदैला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन्नही गोड लागेना. सकाळी शेजारणीला लेकीजवळ बसवून ती पोरीला शोधायला निघाली, तो स्टीलचा पेला पिशवीत घालून.

"मारी? आमचीच की ती!" कोपऱ्यावर मासळी विकणारी आरोक्यम म्हणाली. "मेरी मातेच्या नावाची. गळ्यात क्रूस होता बघ. काल चर्चच्या बाराच्या घंटेला आली, दोन पेले प्यायली बिचारी."

"क्रूस म्हणे!" मासळी घ्यायला आलेली आमिना फिस्सकन हसली. "चष्मा लाव, आरोक्यम. डोक्यावर ओढणी होती पोरीच्या. मरियमची मारी आहे ती. तुझी घंटा वाजत होती तेव्हा माझ्या उंबऱ्यावर बसून पाणी पीत होती."

कोदैकडेही ती त्याच वेळी आली होती. पण तिनं क्रूसही पाहिला नव्हता आणि ओढणीही. हळदीचा दोरा पाहिला होता. आपल्याच देवीची खूण दिसली, तरी हात पुढे झाला नाही.

दोघी भांडत राहिल्या. कोदै समुद्राकडे चालू लागली. तिथं एके काळी डेन्मार्कच्या गोऱ्यांची वसाहत होती; त्यांच्या जुन्या कबरस्तानात राखणदार कालियन एक दगड धूत होता. खारट वाऱ्यानं त्यावरचं सगळं खाऊन टाकलं होतं. नाव तेवढं उरलं होतं. मारी.

दगडावर पाण्यानं भरलेला पेला होता.

"डेन्मार्कची लेक," शेजारच्या घरातली सांगावी तसं कालियन म्हणाला. "काल दुपारी आली होती. पिवळे केस, उन्हानं लाल झालेली. प्यायली आणि गेली." मग हात पुसत त्यानं विचारलं, "तुमच्याकडेही आली असेल, टीचरम्मा. दिलंत ना?"

"हो," कोदै म्हणाली. दुसऱ्यांदा खोटं बोलली. तिला त्याच्याकडे बघवेना.

ती घरी पोचली तेव्हा शेजारीण हसत दारात उभी होती. "देवीआई उतरली गं! ताप गेला. पोर उठून बसलीय."

खोलीत याळिनी नव्हती.

ती परसदारी होती. पायरीच्या खाली, उन्हात.

"अगं, आत ये ना, बाळा."

"पाणी," याळिनी म्हणाली.

कोदैनं घाईघाईनं पेला भरून पुढे केला.

पोरीनं पेल्याला हात लावला नाही. वाकली. ओंजळ तोंडाशी नेली.

"वरून ओता, टीचरम्मा."

कोदै ओतत राहिली. घागर रिकामी झाली, तरी ओंजळ खाली आली नाही.

नाव विचारायचा तिला धीर झाला नाही.