खिडकीसमोर थांबणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जाऊन थांबला, तेव्हा शाल्मलीने हातातली फांदी खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

एरवी तो आज्ञाधारक होता. अंगणात वापरायचा छोटा, विजेवर चालणारा ट्रॅक्टर. पुढे फांद्या उचलणारा लोखंडी पंजा, मागे काटक्या ओढणारे दंताळे. बसायला आसन होते, पण एकदा काम शिकला की त्याला वर माणूस लागत नसे. ओहायोत यंदा हिवाळाभर पावसाचे झाडांवरच बर्फ झाले होते आणि त्या ओझ्याने मेपलच्या फांद्या मोडून अंगणभर पडल्या होत्या. आता बर्फ वितळले होते, गवत वर येत होते. फांद्या उचलायच्या, घराला वळसा घालून शेडमागच्या भुगायंत्रात टाकायच्या, एवढेच काम. पण वळशावर खिडकी आली की ट्रॅक्टर थांबे. पंजात फांद्या तशाच. पुढे नाही, मागे नाही.

खिडकीच्या आत बाबांची वेताची खुर्ची होती. बाबा जानेवारीत गेले.

तिने रेहाना मुजावरला फोन केला, त्याला आता दोन तास झाले होते. रेहाना मूळची कोल्हापूरची, बाबांची जुनी विद्यार्थिनी, आता इथेच जवळ राहणारी. ट्रॅक्टरचा मेंदू तिच्याच प्रयोगशाळेत घडला होता. ती आली ती चिखलातून बूट आपटत.

"काय म्हणतंय लेकरू?"

"थांबतं. सारखं तिथेच."

"मग कोरं करून टाकूया की! सगळं शिकलेलं पुसायचं, नव्याने शिकवायचं. संध्याकाळपर्यंत अंगण लख्ख."

"नको," शाल्मली घाईने म्हणाली. "त्यासाठीच तुला बोलावलं. बाकी काय हवं ते कर, पण पुसू नकोस. बाबा आहेत त्यात."

रेहानाने तिच्याकडे नीट पाहिले. शाल्मली मेंदूविज्ञानाची प्राध्यापक, स्मृतीवर संशोधन करणारी. असली वाक्ये तिच्या तोंडी शोभणारी नव्हती, हे तिलाही कळत होते.

"आई त्या खिडकीतून बाबांना चहासाठी हाक मारायची," ती म्हणाली. "बाबा तिथे थांबायचे. कप घ्यायचे, उभ्या उभ्या प्यायचे. हा तेच करतोय. चहाची वाट बघतोय."

"काकू जाऊन किती वर्षं झाली, शाल्मली?"

"सहा."

"आणि हा आला कधी?"

शाल्मलीने मनात हिशेब केला. ट्रॅक्टर चार वर्षांपूर्वी आला होता. आईचा हात त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"शिवाय तो नक्कल करत नाही," रेहाना ट्रॅक्टरच्या बाजूची झडप उघडून आपला टॅब्लेट जोडत म्हणाली. "नक्कल करणारी यंत्रं तुझे हात बघतात. यात हेतुशोधक आहे. तो बघतो, हा माणूस हे का करतोय. समज, सरांनी एका वर्षी चिखल टाळून लांबचा वळसा घेतला. नक्कल करणारं यंत्र जन्मभर तोच वळसा घेईल. हेतुशोधक जमीन वाळली की सरळ जाईल. त्याला वळसा नाही समजत, चिखल समजतो."

"मग इथे थांबण्यामागचा हेतू काय?"

"तेच तर. त्याला हवं ते मिळत नाहीये, म्हणून पुढे जात नाही. काय हवंय ते सांगता येत नाही बिचाऱ्याला. बोलायला शिकवा म्हणून मी कंपनीच्या मागे लागले होते. म्हणाले, अंगण झाडणाऱ्याला वाचा कशाला?"

शाल्मलीला हसू आले नाही. "आणि हे बाबांकडूनच शिकला ना?"

"थांब, बघते. आसनाखाली वजन कळतं, त्यावरून कुणी काय शिकवलं ते वेगळं ठेवतो." रेहाना बराच वेळ टॅब्लेटवर बोट फिरवत राहिली. मग तिचे बोट थांबले. "गेल्या वसंतात कोण बसलं होतं यावर?"

"मी. बाबांना चढता येत नव्हतं. अंगणातला ओक तोडल्यामुळे सगळे रस्ते बदलले होते, बाबा म्हणाले, बसून चालव, तो शिकेल."

"जुनं शिकलेलं झिजत जातं त्याचं. मुद्दाम तसं केलंय. झाडं बदलतात, जमीन बदलते. माणूस बदलला तर फारच लवकर."

"म्हणजे शेवटचा शिक्षक तेवढा उरतो."

"हो."

"बाबांचं किती उरलंय?"

रेहानाने टॅब्लेट तिच्याकडे वळवला नाही. "काही नाही गं," ती हळूच म्हणाली. "हे सगळं तू आहेस."

शाल्मली ट्रॅक्टरकडे बघत राहिली. आठवडाभर ती या यंत्राशी मनातल्या मनात बोलत होती. सकाळी शेडचे दार उघडताना तिला बरे वाटत होते. आणि आता म्हणे तो म्हणजे तीच. पण ती खिडकीसमोर कशाला थांबेल? तिला चहाही आवडत नसे.

"मी नाही थांबले तिथे," ती म्हणाली.

"थांबलीस. दर फेरीला. चालकाची नजर टिपणारा कॅमेरा आहे यात. तू मान वळवून खिडकीत बघायचीस."

मग तिला आठवले. बाबांना एकटे सोडून बाहेर काम करायचे म्हणजे जीव टांगणीला. ती दर वळशावर आत बघे, बाबा खुर्चीत नीट आहेत ना, मान कलली नाही ना. बाबा हात वर करत. ती पुढे जाई. इतके सवयीचे झाले होते की तिच्या स्वतःच्या स्मृतीत त्याची नोंदच उरली नव्हती.

"हात," ती म्हणाली. "त्याला वर केलेला हात हवाय. तू बस खुर्चीत."

रेहाना आत गेली, खुर्चीत बसली आणि हात वर केला. ट्रॅक्टर हलला नाही. तिने हात हलवला, दोन्ही हात वर केले, शेवटी काचेवर टकटक केली. ट्रॅक्टर ढिम्म.

"असं कसं?" शाल्मली बाहेरून ओरडली. काही सुटेल म्हणावे तर गुंता वाढतच होता.

रेहाना परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "त्याला परवानगी नकोच आहे. तू तरी परवानगीसाठी कुठे थांबत होतीस? सर बरे आहेत का, एवढंच बघत होतीस. त्याला तेच बघायचंय. माझा हात घेऊन तो काय करणार?"

ट्रॅक्टरच्या पंजातली फांदी वाऱ्याने हलत होती.

"आता कोरं करायला हरकत नसावी," रेहाना म्हणाली. "पुसायला सर नाहीतच त्यात."

"नाही. पण ते बरे आहेत का हे बघणारं कोणीतरी आहे."

"मग एकच उपाय आहे. त्याला सगळं येतं, एक गोष्ट सोडून. खिडकीत सर नसले तर काय करायचं, हे त्याने तुला करताना कधी पाहिलेलं नाही. एकदा दाखवलंस तरी पुरे. त्याच्या शिकण्यातली ती जागा रिकामीच आहे."

"मलाही माहीत नाही, रेहाना."

"माहीत नसू दे. करून दाखव."

शाल्मली आसनावर चढली. ट्रॅक्टर मागे घेतला आणि वळशावर आणला. खिडकी जवळ आली. बघू नये असे तिने ठरवले होते, पण मान वळलीच. काच, काचेत मेपलचे प्रतिबिंब, आत वेताची खुर्ची. रेहानाने उठताना ती जराशी तिरकी केली होती. खुर्चीत कोणी नव्हते. तिचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. आता हात वर होईल, असे तिला खरोखर वाटत होते. झाला नाही. तिने डोळे पुसले, पाय उचलला आणि ट्रॅक्टर पुढे नेला. फांद्या भुगायंत्रात टाकल्या. खाली उतरली.

"जा," ती त्याला म्हणाली.

ट्रॅक्टरने नवी जुडी उचलली, दंताळे ओढत निघाला. शाल्मली त्याच्या बाजूने चालत राहिली. खिडकीसमोर तो थांबला. तीही थांबली. तो बराच वेळ, जवळजवळ तिच्याइतकाच वेळ, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तो पुढे निघून गेला. शाल्मली अजून तिथेच उभी होती.