कापशाची भूक

"मनकर्णाबाई, माझ्या कापशाला बारा वाजता पेनगंगेपार नेऊन सोडणार हायेत!"

कुसुमबाई दारातूनच ओरडली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शांत मास्तरीण, वर्गातसुद्धा आवाज चढवत नसे. आज पदर एका खांद्यावर नि चप्पल एकाच पायात. हातात गोळ्यांची डबी.

उद्धवरावांच्या बशीतला चहा सांडला. तहसील कचेरीतून ते निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली होती, पण दचकल्यावर खिशातल्या पेनाकडे जाणारा हात अजून निवृत्त झाला नव्हता.

मनकर्णाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मुलींच्या वसतिगृहात अठ्ठावीस वर्षं मेट्रन होत्या. रडणाऱ्या दोनशे मुलींपैकी खरं कोण रडतंय, हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. आता आदिलाबादेत कोणाची शेळी हरवो की पोरगी, माणसं त्यांच्याकडे येत. फी ठरलेली, पाव किलो चहापत्ती.

"बस. पाणी पी. आधी कुत्र्यानं काय केलं ते सांग."

"दहा लिटर दुधाची खीर खाल्ली म्हणतात. विहाराची. आज पौर्णिमेची!"

उद्धवरावांनी शीळ घातली. बुद्धपौर्णिमेची खीर म्हणजे आख्ख्या गल्लीचा मान. विहार समितीचे अध्यक्ष भगवानराव ती स्वतः रांधत. तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

"पण खाल्ली असंल बरं का, वैनी," उद्धवराव हळूच म्हणाले. मनकर्णाबाई त्यांची थोरली भावजय. "त्या कुत्र्यानं महिन्याभरात माझी एक चप्पल, जीपवाल्या चंपतचा जेवणाचा डबा, साबणाची वडी अन् सातवीच्या भूगोलाच्या वह्या खाल्ल्या."

"तो खात नाही हो, गोळ्या खायला लावतात!" कुसुमबाईचे डोळे भरले. "अंगावर जखमा झाल्या, रक्त फुटायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं, तेव्हा कुठं वाचला. त्यांनी सांगितलंच होतं, भूक आगीसारखी लागंल, तहान लागंल, लघवी वाढंल. त्याच्या डोळ्यांकडं पाहून वाढू नका. रोजचंच जेवण मोजून चार वेळा द्या, वरून उकडलेला दुधी, काकडी. गोड नाही, तूप नाही. अन् गोळी एकदम बंद केली तर कुत्रं कोसळंल. हळूहळू कमी करायची. नदीपार त्याला गोळी कोण देईल? चार दिवस नाही जगणार तो!"

मनकर्णाबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

"भाऊजी, वही घ्या. मौक्यावर चला."

*

विहाराच्या मागे फरसबंदी अंगण होतं. एका टोकाला चूल, मधे कडुनिंब, आणि दुसऱ्या टोकाला कुंपणाशी पिंपळाचं नवं रोप. रोपाभोवती माती अजून ओली होती.

कडुनिंबाला कापशा बांधला होता. कापसाच्या बोंडासारखा पांढरा, गोळ्यांनी पोट सुटलेला. कपाळावर, दोन कानांच्या मधे, खिरीचा वाळलेला पट्टा. मिशा मात्र कोरड्या खडखडीत. तो कुणाकडे पाहतही नव्हता. दोर ताणून कुंपणाकडे तोंड करून हिसके देत होता. त्याच्या नखांनी त्या बाजूची बुंध्याजवळची माती खरवडून निघाली होती.

"याला लघवीला जायचं हाय," उद्धवराव म्हणाले. "त्या रोपावर करायची असंल."

कुसुमबाईनं पिशवीतून दुधीची फोड काढली. कापशानं ती हवेतच झेलली, आणि पिशवीवर झडप घातली.

"वैनी, सुटला आरोपी!" उद्धवराव आनंदानं ओरडले. "अजून उपाशी हाय. म्हणजे खीर खाल्लीच नाई! लिहू का?"

"खोडा ते. या गोळ्यांवरचा कुत्रा बैलगाडीभर खाऊनही उपाशीच राहील. त्याची भूक साक्षीला चालत नाही." मनकर्णाबाई चुलीकडे वळल्या. "पण पूर्ण टाकून देऊ नका. दुसऱ्या कामाला येईल."

चुलीजवळ मोठं पातेलं पालथं घातलं होतं, घासून लख्ख. भिंतीला डाव टेकवून ठेवलेला, त्याच्या वाटीत दोन बोटं खीर सुकत होती. जमिनीवरही तीनचार थेंब. मनकर्णाबाई वाकल्या, डावातली खीर चिमटीत धरून चोळली आणि हुंगली. पांढरे रवाळ कण बोटांना चिकटले, बाजूला पिवळसर पाणी.

"तांदळाची कणी," उद्धवरावांनी लिहिलं.

मनकर्णाबाई बोटं पदराला पुसून व्हरांड्याकडे निघाल्या. असं अर्धवट सोडणं उद्धवरावांना कधीच आवडत नसे.

*

भगवानराव व्हरांड्यात बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा. सकाळी सहालाच त्यांनी वंदनेत अष्टशील घेतलं होतं. म्हणजे आज दिवसभर खोटं नाही, आणि दुपारी बारानंतर अन्न नाही.

"जयभीम, बाई. कशाला तकलीफ घेतली? उघडंच हाय सगळं. खीर झाली, मी हातपाय धुवाले गेलो. दहा मिनिटांत आलो तर कुत्रा पातेल्यात. अर्धी प्याला, अर्धी सांडली. अंगण धुतलं, पातेलं घासलं, याले बांधलं."

"पातेलं तुमी घासलं?"

"मग काय करू? उष्टं ठेवू?"

"आणि पिंपळ कुणी लावला?"

"मीच. सात वाजता." ते उठले. "बारा वाजता चंपतची जीप पांढरकवड्याले जाते. कुत्रं त्यात जाईल. आज विहाराचं नाक कापलं गेलं, बाई. लोकं खिरीसाठी येतील, काय दाखवू त्यायले?"

त्यांचा आवाज फाटला. उद्धवरावांना त्यांची कीव आली. एवढा करारी माणूस, बायको लक्ष्मीबाई गेल्या दिवाळीत वारली तेव्हाही चारचौघांत रडला नव्हता.

चंपत जिपेच्या बॉनेटवर पाय सोडून बसला होता.

"मले त्या कुत्र्याचा राग हायेच," तो म्हणाला. "माझा डबा खाल्ला, झाकणासकट चावला. पण पौर्णिमेच्या दिवशी मुकं जनावर मराले न्यायचं, मले बी बरं नाई वाटून राह्यलं. अध्यक्ष म्हणतात, काय करू?"

"सकाळी तू कुठं होतास?"

"गाडी धुवत. सात वाजता कुत्रं माझ्या समोरून पळालं, गळ्यात तुटका पट्टा. थेट कुंपणातून अंगणात घुसलं. मी ओरडलो बी, भगवानराव, कुत्रं आलं! तर ते कुंपणापाशी माती दाबत होते."

उद्धवरावांनी 'माती' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

विहार झाडणारी बयनाबाई पायरीवर बसून फुलं निवडत होती.

"दरसाली पातेलं मीच घासतो," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "अवंदा म्हाताऱ्यानं स्वतः घासलं. काऊन, देव जाणे! दार बी लावून घेतलं होतं. लक्ष्मीबाई असताना मले हाका मारे, बयना, ये, पातेलं खाली घ्यू लाग. मग आमी दोघी गप्पा मारत बसो, खीर गार होईपर्यंत. अवंदा हाक नाई, काई नाई. मी आपली गुळाची ढेप चुलीजवळ पडली होती, ती उचलून ठेवली. मुंग्या लागतात."

"ढेप अर्धी उरली होती?"

"अर्ध्याहून कमी."

मनकर्णाबाईंचे डोळे चमकले. अठ्ठावीस वर्षांत ती चमक पाहून दोनशे मुली आपोआप खरं बोलू लागत.

"भाऊजी, आजच्या कार्यक्रमाचा कागद हाय का खिशात?"

होता. उद्धवरावांच्या खिशात सगळे कागद असत. त्यांनी वाचलं. "सकाळी सहा, वंदना. अकरा, हेडमास्तरांच्या हस्ते बोधिवृक्षारोपण. साडेअकरा, खीरदान."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच होतं.

"चला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सव्वादहा झाले. सगळ्यांना अंगणात बोलवा. दाराला कडी घाला. बाहेरचं कोणी नको."

*

अंगणात मनकर्णाबाईंसमोर पाच माणसं उभी राहिली, आणि सहावा कापशा, दोर ताणून, कुंपणाकडे तोंड करून.

"मी आधी डाव पाहिला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "भिंतीला टेकलेला. कापशाच्या नाकाच्या उंचीवर. त्यात खीर. जमिनीवर थेंब. साबणाची वडी खाणारा कुत्रा दहा मिनिटं इथं मोकळा होता, आणि त्यानं डाव चाटला नाही? थेंब सोडले? भाऊजी, हे त्याच्या भुकेचं दुसरं काम. ती त्याला निर्दोष ठरवते. कापशा या चुलीपर्यंत आलाच नव्हता."

"पण त्याच्या तोंडाला खीर!" चंपत म्हणाला.

"तोंडाला नाही. कपाळाला. जिथं जीभ पोचत नाही तिथं. मिशा कोरड्या आणि कपाळ भरलेलं, असं कोणतं कुत्रं खातं? ती खीर कुणीतरी हातानं पुसली."

भगवानराव खाली बघत होते.

"मग खीर गेली कुठं? चोरली? दहा लिटर खीर गल्लीतून कोण नेणार? ती अंगणाबाहेर गेलीच नाही. डावातली खीर मी चोळून पाहिली. ते कण तांदळाचे नव्हेत, भाऊजी."

"मग?"

"फाटलेलं दूध. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं. म्हणून लक्ष्मीबाई पातेलं खाली उतरवायची, गार होईपर्यंत बयनाशी गप्पा मारायची, आणि मग गूळ घालायची. तीस वर्षं अध्यक्षांनी तांदूळ शिजवले, दूध आटवलं. गुळाचा हात तिचा होता. यंदा ती नव्हती."

 बयनाबाईच्या ओंजळीतली फुलं खाली पडली.

"आता पिंपळ. अकरा वाजता हेडमास्तरांनी लावायचा. खड्डा कालच खणून ठेवलेला, गुडघाभर खोल. तो सात वाजता अध्यक्षांनी एकट्यानंच लावला. काऊन? आणि कुत्रा तासन्‌तास कुठं ओढतोय? चुलीकडं नाही. कुसुम, सोड त्याला. दोर हातात ठेव."

दोर सुटताच कापशानं कुसुमबाईला अर्धं अंगण फरफटत नेलं. डाव मागे राहिला, तिकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. पाय त्यानं रोपावर वर केला नाही. चारी पायांनी माती उडवू लागला. दोन वितींवर पांढऱ्या गुठळ्या दिसल्या, गुळाचा आंबूस गोड वास सुटला.

"धरा! धरा त्याला! गोड नाही त्याला!" कुसुमबाई किंचाळली. चंपत धावला, उद्धवराव धावले. वही मातीत पडली. तिघांनी मिळून कापशाला मागं ओढला तेव्हा त्याच्या दाढेत फक्त एक ढेकूळ होतं. तेही त्यानं खाल्लंच.

भगवानराव पायरीवर बसले. धोतराला माती लागली तरी झटकली नाही.

"कुत्रं आलं नसतं तर मी खरं बोललो असतो," ते म्हणाले. "खड्ड्यात वतली तवा मनात हेच होतं, की सांगू सगळ्यायले, चुकलो म्हणून. तेवढ्यात हे आलं, अन् उकराले लागलं. त्याले बांधलं. बांधल्यावर मनात आलं... सारे याच्यावर विश्वास ठेवतील. डावातली खीर बोटावर घेतली..." त्यांनी हात पाहिला. "सकाळी सहाले शील घेतलं. सातले मोडलं."

"आठातलं एक मोडलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सात शाबूत हायेत. ते सांभाळा. चंपत, तुझी जीप पांढरकवड्याला जाणार नाही. डेअरीवर जा, दूध आण. बयना, चूल पेटव. भगवानराव, तांदूळ तुमीच धुवा. गुळाच्या वेळी मी सांगीन."

"लोकं इचारतील, उशीर काऊन?"

"तुमीच सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. साडेअकराला गल्ली जमली तेव्हा भगवानराव पायरीवर उभे राहून सगळं बोलले, कपाळावरच्या पट्ट्यासकट. मागून एक म्हातारी म्हणाली, "लक्ष्मी असती तर डोस्क्यात डाव हाणला असता!" आणि सारं अंगण हसलं. भगवानरावही.

*

खीर दीड वाजता वाटली गेली. गार करून गूळ घातलेली, गुलाबी, दाट.

उद्धवराव दुसरी वाटी घेऊन कडुनिंबाखाली आले आणि थबकले. भगवानराव कापशाशेजारी जमिनीवर बसले होते. बारा वाजून गेले होते, त्यांना आता उद्या सकाळपर्यंत अन्न नव्हतं. कापशाला गोड नव्हतं. दोघंही लोकांच्या वाट्यांकडे एकाच नजरेनं पाहत होते.

कुसुमबाईनं उकडलेल्या दुधीची वाटी भगवानरावांच्या हातात दिली. ते एकेक फोड द्यायला लागले. "हळू खा रे. चावून खा. अजून संध्याकाळची हाय ना."

वाटी संपली. कापशानं रिकामी वाटी पाहिली, मग भगवानरावांचं तोंड.

"डॉक्टर म्हणते, पोट भरलेलं असते याचं," ते उद्धवरावांना म्हणाले, पण बघत कुत्र्याकडेच होते. "तरी भूक जात नाई. लक्ष्मी गेल्यापासून मले बी असंच होऊन राह्यलं."

कापशानं मान पुढे केली आणि त्यांचा हात चाटायला लागला. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. भगवानरावांनी डोळे मिटले.

उद्धवराव वाकले, हुंगले, आणि धावतच व्हरांड्यात आले. "वैनी! त्या हाताले खिरीचा गूळ लागलेला हाय अजून! म्हणून चाटून राह्यला तो!"

मनकर्णाबाईंनी खिरीचा घास घेतला, डोळे पुसले, आणि वही त्यांच्यासमोर सरकवली.

"माहीत हाय, भाऊजी. पंचनाम्यात लिहा, कुत्र्यानं माफ केलं."

त्यांनी लिहिलं.