निश्चल प्रवासी

सावरखेडच्या परिवहन प्रयोगशाळेत शाळेची बस उभी होती आणि हलायला तयार नव्हती. चालक नसलेली, आपल्या अकलेने चालणारी बस. आत नऊ वर्षांची स्वरूपा पट्टे लावून नीट बसली होती. तिला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. मान आणि हात आपल्या मर्जीने उडतात. एवढ्यावरून बस अकरा दिवस एकच पाठ म्हणत होती : "प्रवासी असुरक्षित. कृपया उतरवून घ्या."

"अकरा दिवस शाळा बुडाली," तिची आई दीपाली खिल्लारे म्हणाली. "ह्या गाडीला खड्डा कळतो, रस्त्यातलं कुत्रं कळतं. माझी मुलगी तेवढी कळत नाही?"

अभियंता अन्सार मुजावरांनी मान खाली घातली. "ताई, गाडीत देहवेधी बसवलाय. तो प्रत्येक मुलाची हालचाल टिपतो. लाखभर मुलं बसमध्ये कशी बसतात, ते आम्ही त्याला दाखवलं. जे पाहिलं ते सुरक्षित, जे कधी पाहिलंच नाही तो धोका. एवढंच त्याचं शास्त्र. आणि तीनशे गाड्यांना मेंदू एकच."

"त्या लाखात स्वरूपासारखं एक तरी मूल?"

"नाही. अशी मुलं बसमध्ये नव्हतीच."

"तुम्ही घेतलीच नाहीत, म्हणून नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मुजावरांना हे झोंबलं, आणि झोंबलं ते बरंच झालं. त्यांनी सात नंबरची गाडी त्या सामायिक मेंदूपासून तोडली, कोरी केली आणि स्वरूपासारख्या बारा मुलांना घेऊन सहा महिने स्वतः चालवली. गाडी फक्त त्यांच्याकडून शिकली. एक बदल मुजावरांनी मुद्दाम केला : धोका दिसला तर मुलाला उतरवायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं. मग गाडी आपली आपण धावू लागली. स्वरूपाची एकही शाळा चुकेना. आता फक्त परिवहन उपायुक्त टिळेकरांची कायमची मंजुरी हवी होती. ती नाही मिळाली, तर बाराही मुलं पुन्हा घरात.

टिळेकरांनी पाहणी ठेवली रविवारी. का, तर मुलं असली की गोंधळ होतो, फोटो बिघडतात. सरकारी रीतच ती मेली : पूल बघायचा रहदारी थांबवून आणि शाळा बघायची सुट्टीच्या दिवशी. नारळ फुटला. टिळेकर आणि त्यांचे पाच अधिकारी गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोसाठी श्वास रोखून, आत बसले.

असं बसणारं माणूस त्या गाडीने जन्मात पाहिलं नव्हतं. "सहा प्रवासी निश्चल. दवाखान्याकडे निघत आहे." पट्टे आवळले आणि गाडी सुसाट सुटली.

मुजावरांनी फोन लावला. "साहेब, हलत राहा. मान फिरवा, हात उडवा, म्हणजे ती तुम्हाला ओळखेल."

"मी कशाला हलू? मी नॉर्मल माणूस आहे," टिळेकर म्हणाले आणि भीतीने आणखी ताठले. गाडीने वेग वाढवला. दवाखान्याच्या दारात साहेबांना स्ट्रेचरवर घेतलं.

संतापाने लाल झालेल्या टिळेकरांनी तिथूनच आदेश काढला : निरोगी प्रवाशाला धोका ठरवणारी कोणतीही गाडी त्याच दिवशी रस्त्यावरून काढावी. सात नंबर संध्याकाळीच बंद झाली.

दीपालीने तो आदेश तीनदा वाचला आणि अकरा आयांना फोन केले.

सोमवारी सकाळी बारा थांब्यांवर बारा आया आपापली मुलं घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात डॉक्टरांचा दाखला : प्रकृती निरोगी. मुलं नेहमीच्या बसमध्ये चढली. बाराही बस म्हणाल्या, "प्रवासी असुरक्षित. कृपया उतरवून घ्या." बारा तक्रारी, दाखल्यांसकट, मुजावरांच्या टेबलावर आल्या. त्यांनी आदेश अक्षरशः पाळला. मेंदू सगळ्यांचा एकच, म्हणजे दोषही सगळ्यांचा. नऊ वाजता तीनशेच्या तीनशे गाड्या होत्या तिथे थांबल्या.

दहा मिनिटांत दीपालीचा फोन वाजला.

"बाई, काय चालवलंय हे तुम्ही? पंधरा हजार मुलं शाळेबाहेर आहेत," टिळेकर म्हणाले.

"हो ना, साहेब," दीपाली म्हणाली. "बारा होती तेव्हा तुमचा फोन आला नव्हता."