बर्फाकडे जायचं होतं

“हा कोट आहे की कुरण?”

एवढंच म्हटलं मी... आणि तो हसला. माझ्या बोलण्यावर लोक चिडतात, हा हसला. तिथेच माझी पंचाईत झाली.

मावशीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. ती लोकांना पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, बर्फात पाठवते. जहाज लहान, तयारी मात्र वर्षभर आधीपासून. मी शाळा मधेच सोडली, कारण एका जागी बसलं की मला मुंग्या चावतात. घरच्यांनी वैतागून मावशीकडे ढकललं. मला एकोणीस वर्षं पूर्ण झाली तरी मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “ही माझी भाची. जिभेला हाड नाही, पण नजर घारीची.”

त्या बर्फावर बाहेरचं गवताचं बीसुद्धा न्यायचं नाही, असा कडक नियम आहे. म्हणून प्रत्येक प्रवाशाचा कोट माझ्याकडे येतो. शिवणीत, चेनमध्ये, खिशाच्या कोपऱ्यात अडकलेलं एकेक कुसळ मी चिमट्याने काढते. आणि ह्याच्या कोटात तर अख्खं माळरान होतं.

तो पातळ शर्टात, काखेत हात घालून कुडकुडत उभा होता. खिडकीतून वारा नुसता घुसत होता.

“दुसरं काही आणायचं ना घालायला!”

“कोट तपासणार आहेत म्हणाले. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.”

“तू असा गवतात लोळत का असतोस पण?”

“डोंगरावर जातो. पाठीवर पडून आभाळ बघतो.”

“आणि घरचे काही बोलत नाहीत?”

“बाबा शेजारीच पडलेले असतात.”

मला हसू आलं. ते लपवायला मी मान खाली घातली आणि चिमटा माझ्याच बोटात घुसला.

“कुसळ लागलं?” त्याने वाकून विचारलं. अगदी जवळून.

“तूच एक मोठं कुसळ आहेस!” मी म्हटलं.

तेव्हापासून तो कुसळ्या. आणि मी, सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून — कप्तान.

कुसळ्या आणि त्याचे बाबा मिळून चष्म्याचं दुकान चालवायचे. कुसळ्या काचा घासायचा, बाबा डोळे तपासायचे; त्यांना मी काका म्हणायचे. काका पहिल्यांदा आले तेव्हा मावशीने विचारलं, एवढ्या लांब बर्फातच का? तर म्हणाले, “जन्मभर लोकांना म्हणत आलो, वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा. आता असं काहीतरी बघायचंय जिथे एकही अक्षर नाही.”

मी पटकन बोलून गेले, “काका, मलापण न्या!”

“चल की! तुझी बडबड ऐकून पेंग्विन पळाले तर जबाबदारी तुझी.”

तयारीला लोक महिन्यातून एकदा येतात. कुसळ्या दर आठवड्याला यायला लागला. कधी बुटांचं माप परत घ्यायला, कधी मोजे लोकरीचेच हवेत का ते विचारायला. एकदा नुसताच आला.

“आज काय विसरलास?”

“काही नाही... इकडून चाललो होतो.”

“दुसऱ्या मजल्यावरून?”

मावशी आतून खोकली. तो कानापर्यंत लाल झाला. मग जिन्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही जहाजाचा नकाशा गुडघ्यांवर पसरला. त्याचं बोट समुद्रावरून खाली खाली सरकत गेलं, माझ्या बोटाशी आलं... आणि थांबलं. कागद गुळगुळीत होता, बोट सहज निसटलं असतं. दोघांनीही निसटू दिलं नाही.

माझं दुसरं काम मागच्या खोलीत. बर्फापाशी जहाज काठाला लागत नाही, रबरी बोटीतून जावं लागतं. म्हणून मावशीने तिथे लाकडी पायऱ्या केल्यात आणि खाली ट्रकच्या ट्यूबांवर एक जुनी रबरी बोट ठेवलीय. पाय टाकला की अशी डुचमळते की भलेभले देवाचं नाव घेतात. बोटीतल्या माणसाला हात द्यायचा तो पंजा नाही — मनगट. त्याने तुमचं धरायचं, तुम्ही त्याचं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची असते. आणि जहाजाच्या कप्तानाचा नियम असा, की ज्याला असं बोटीत उतरता येत नाही त्याला जहाजावरच घ्यायचं नाही. उद्या जहाज सोडून पळायची वेळ आली, तर तो तर जाईलच, त्याला धरणाराही जाईल.

काकांच्या सरावाला बोटीत कायम कुसळ्याच उभा राहायचा. “बाबांना माझी सवय आहे,” म्हणायचा. काका हसत हसत उतरायचे, मी टाळ्या वाजवायचे. पण एकदा काकांच्या बाहीकडे लक्ष गेलं. मनगटावर बाही चुरगळली होती, आणि तिथली कातडी लालभडक. कुसळ्याच्या मनगटावर मात्र साधा वळसुद्धा नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. काकांच्या कोटाची चेन कुसळ्या लावायचा. कप काका दोन्ही तळव्यांत धरायचे, बोटांनी कधीच नाही.

पुढच्या खेपेला मी बोटीत उडी मारली. “आज काकांना मी घेणार.”

“कशाला? मी आहे ना!” कुसळ्या घाईघाईने पुढे आला.

“बाजूला हो.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि हात पुढे केला. मी मनगट धरलं. त्यांची बोटं माझ्या मनगटावर नुसती टेकली. पानं टेकतात तशी. बोट डुचमळली, ते कलले, आणि मी कोटाला धरून त्यांना कसंबसं आत ओढलं.

“नजर घारीचीच आहे पोरीची,” काका धापा टाकत म्हणाले.

जिन्यात कुसळ्याने मला गाठलं.

“मावशीला सांगू नकोस.”

“काय झालंय त्यांना?”

“हातांपासून सुरू होतं. मग पाय. मग... श्वास.” त्याने कठडा घट्ट धरला होता. “डॉक्टर म्हणाले, जायचं तर ह्याच वर्षी. पुढच्या वर्षाचं ते काहीच बोलत नाहीत.”

“अरे, पण बोटीत तू नसणार! खलाशी असतील. एखाद्याचा हात सुटला तर पाणी कसलं असतं माहितेय तुला?”

“मी शेजारीच असेन. तू फक्त जमतंय म्हण. एवढं एकच.” तो एक पायरी खाली उतरला. डोळे भरलेले, आवाज अगदी हळू. “मला तू आवडतेस. खूप. माझ्यासाठी... एवढं नाही करणार?”

किती दिवस वाट बघत होते मी ह्या वाक्याची! रात्री पांघरुणात स्वतःशीच म्हणून बघितलं होतं. आणि ते आलं ते हे असं — काहीतरी मागायला.

“हे आत्ता म्हणालास?” माझं डोकं सणकलं. “ह्या कामासाठी म्हणालास?”

“तसं नाही गं—”

“तसंच आहे! नीघ तू इथून!”

तो गेला. मी तशीच आत गेले आणि मावशीला सांगून टाकलं. काकांना जमणार नाही. मावशीने खुर्ची पुढे सरकवली आणि माझं रडून होईपर्यंत माझ्याकडे बघितलंच नाही.

नंतर काका एकटेच आले. जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. मी दाराआड लपायला गेले, तर म्हणाले, “बाहेर ये, कप्तान. मी भांडायला नाही आलो.”

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि तिकडेच बघत राहिले.

“दुकानात गाडीवाले यायचे,” ते म्हणाले. “ट्रकवाले, बसवाले. कधीकधी सांगावं लागायचं, बाबा रे, आता गाडी नको चालवू. पोट गाडीवर असायचं त्यांचं. असा राग करायचे माझा! एकाने आरसा फोडला होता.”

“मग?”

“मग काय... आरसा नवा बसवला. पण जमतंय असं कधी म्हटलं नाही.” ते हसले. “पोरगा माझ्यावर जीव टाकतो, म्हणून चुकला. तू त्याचा राग नको करू.”

“काका, बर्फ...”

“राहिला,” ते म्हणाले. आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींकडे बघत बसले.

जहाज ठरल्या दिवशी निघालं. दुकान बंद झालं. कुसळ्याची मोठी ताई लांबच्या गावी राहते, तळमजल्यावर. तिथे जिने नाहीत, म्हणून ते दोघं तिच्याकडे कायमचे जायला निघाले. मला मावशीकडून कळलं. मी चपला न घालताच पळत सुटले.

गाडी त्यांच्या दुकानासमोर उभी होती. काका पुढच्या सीटवर बसले होते. कुसळ्या डिकीत सामान कोंबत होता. मला बघून तो थांबला. वाळला होता. दाढी वाढली होती.

“पाय भाजतील,” तो म्हणाला.

“भाजू देत.”

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्याकडेच बघत राहिलो दोघं.

“तू बरोबर होतीस,” तो म्हणाला. “आणि मला अजून तुझा राग येतो. दोन्ही.”

“मला पण येतो तुझा.”

“त्या दिवशी मी जे म्हणालो... ते मागण्यासाठी नव्हतं. म्हणजे, मागितलं. पण ते खरं होतं.”

“तू मागितलं नसतंस ना, तर मीच सांगणार होते तुला.”

“काय?”

“आता सांगितलं तर राहशील?”

त्याने पुढच्या सीटकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

“मी ये म्हणणार नाही तुला,” तो म्हणाला. “तिथे काय आहे, तुला माहितेय.”

“आणि मी थांब म्हणणार नाही.” माझा आवाज चिरकला, त्याचाही राग आला मला. “आता हे सांगून कोणाचंच काही काम होणार नाही. म्हणून सांगते. मला तू आवडतोस. कोट घेऊन आलास तेव्हापासून. झालं. जा आता.”

त्याने फक्त डोळे मिटले, एखादी गोष्ट नीट ठेवून द्यावी तसे.

गाडीतून काकांनी हाक मारली, “झालं का रे तुमचं?”

“हो बाबा,” तो म्हणाला, “झालं.”

मग पुढे जाऊन, वाकून, त्याने काकांचा पट्टा लावून दिला.