विषयाबाहेरचा प्रश्न

मारेगावच्या पुढं, टेकडीच्या अंगाला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथं बबिताच्या घरी पुढच्या खोलीत भरतकामाची मशीन. लॅपटॉपमध्ये नक्षी काढायची, तारेनं मशीनला द्यायची, की सुई आपली आपण टाके घालत सुटते. नवरा लखन ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्याला लागला की बबिताच्या सोबतीला ही मशीनच.

त्या दिवशी दुपार अशी तापली होती की कुत्री रांजणाच्या ओलाव्याला चिकटून पडलेली. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, आंबूस वास घरभर कोंडला होता. एकुलती एक पोर संगीता आतल्या खोलीत झोपली होती. तिचं लग्न तोंडावर आलेलं, आणि बबिताच्या मांडीवर तिची लग्नाची कांचळी. कांचळी म्हणजे तांड्यातल्या बायांची आरशांची चोळी. पण ही होती अर्धीच.

अर्धी, कारण शिवणारीच गेली. बबिताची सासू नंदाबाई. तिचा गोंदलेला हात असा की टाका कुठं सुरू झाला न् कुठं संपला ते दाखवून द्यावं लागायचं. नवरीच्या कांचळीत पहिला टाका ती नवरीच्याच केसाचा घालायची, नजर लागू नये म्हणून. संगीताचा एक लांब केस ओवून तिनं डावी बाजू भरली, आरसे बसवले, आणि उजवीला हात लावायच्या आधी डोळे मिटले.

त्या घराची जुनी चाल अशी, की मेलेल्या बाईचं अर्धं काम तिच्यासंगं चितेवर जायचं. दुसऱ्या हातानं ते पुरं करायचं नाही. बुढी जाताना बोललीही होती, "बबी, माहं अर्धं मले देजो."

बबितानं हो म्हणून मान हलवली, पण बुढी गेल्यावर कांचळी पेटीत दडवली. पोरीचा जीव अडकला होता तिच्यात, काय करणार?

"दुसऱ्या हातानं नाही करायचं ना," तिनं स्वतःची समजूत घातली. "मशीनले कुठं हात असतात?"

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. अर्ध्या नक्षीचा फोटो दिला की ते तिला उलटी करून दुसरी बाजू तयार करायचं, आरशात पाहिल्यागत. बबितानं फोटो दिला, उलटी केली, कापड चौकटीत ताणलं आणि मशीन सुरू केली. रिळाचा पांढरा दोरा भराभर उलगडू लागला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, मशीन थांबली. बाहेर एक पानही हलत नव्हतं.

टक्… टक्… टक्‌टक्‌टक्…

बबितानं वळून पाहिलं. मशीनचे दिवे विझलेले, आणि सुई खालीवर होत होती. तिनं धावत जाऊन प्लग उपटला. प्लग हातात, न् सुई चालूच.

ती मागं मागं सरत उंबऱ्यापाशी आली. विचारायचं कोणाला? फोनवर एक गट होता, हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या गावोगावच्या लोकांचा. यवतमाळचे पुंडलिकराव त्याचे ॲडमिन. माणूस कडक. सॉफ्टवेअरशिवाय दुसरं अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक. बबितानं लिहिलं: "दादा, लाइट नाही. प्लग काढला. तरी मशीन चालून राह्यली. कशी थांबवू?"

आधी उत्तर आलं अक्षय नावाच्या कोणा पोराचं. "ताई, अशी मशीन मलेही पाठवा, बिल तरी वाचंन!" खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

मग पुंडलिकराव: "प्रश्न विषयाबाहेरचा आहे. मशीनचं मेकॅनिकला विचारा."

"पाया पडते दादा. आत पोरगी झोपली हाय."

"मग तिलाच विचारा. पुन्हा लिहिलंत तर गटातून काढीन."

बबिताचे डोळे भरून आले. तेवढ्यात ढाणकीच्या अकीलाचं उत्तर उमटलं. अकीला जुनी कारागीर, गटात कधी न बोलणारी. "बबिताताई, मेलेल्या बाईचं काम उलटं करून जोडलं का? त्यात कोणाचा केस असंल तर शेवटचा टाका पडायच्या आत तिले…"

एवढंच वाचून झालं, आणि ओळी डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या. त्या जागी आलं: हा संदेश ॲडमिनने हटवला आहे.

तिले काय? उठवायचं? घराबाहेर न्यायचं? का हातच लावायचा नाही?

तिनं अकीलाला फोन लावला. लागेना. गटात लिहिलं, "अकीलाताई, तिले काय करू?" तो प्रश्न गेलाच नाही. पुंडलिकरावांनी तिला गटातून काढलं होतं.

मशीनचा आवाज आता मऊ झाला होता, हातानं शिवल्यासारखा. बबिता जवळ गेली. रिळाचा पांढरा दोरा तुटून लोंबत होता. सुई मात्र काळा टाका घालत होती. तो काळा धागा मशीनवरून खाली उतरला होता, जमिनीवरून ताणत, आतल्या खोलीच्या पडद्याखालून येत होता.

"संगीता!"

बबिता कात्री घेऊन आत धावली. पोर कुशीवर निजलेली. वेणीचं टोक सुटलेलं, आणि त्यातून निघालेला केस तारेसारखा ताठ दारापर्यंत गेलेला. बबितानं डोळे मिटून कात्री चालवली.

पुढच्या खोलीतली सुई थांबली. शेवटचा टाका पडायच्या आधी का नंतर, कोण सांगावं?

संगीता उठून बसली. "काय झालं, याडी? कायले ओरडून राह्यली?"

"याडी" ही आईला मारलेली हाक ऐकताच बबिताच्या जिवात जीव आला. तिनं पोरीला पोटाशी धरलं. "काही नाही पोरी… काही नाही. पाणी पे."

संगीतानं लोटा घेतला. डाव्या हातानं. पिऊन हसली. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून तीळ होता. तो आता उजव्या गालावर होता. बबितानं अंगठा ओला करून घासला. तीळ गेला नाही.

"अशी काय पाहून राह्यली? माही कांचळी झाली का?"

ती आपणच पुढच्या खोलीत गेली. चौकटीतून कांचळी सोडवून छातीशी धरली. दोन्ही बाजू पुऱ्या. मशीनला आरसे बसवता येत नाहीत, त्यांच्या गोल जागा ती रिकाम्याच सोडते. पण उजव्या बाजूला आरसे बसले होते, हातानं बसवल्यासारखे घट्ट.

"किती चांगली झाली, याडी!" संगीता आरशांत पाहून हसत होती.

बबितानं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. उजव्या बाजूच्या एकेका आरशात संगीता होती. ती हसत नव्हती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं… याडी… याडी… आणि मागून एक गोंदलेला, सुरकुतलेला हात तिच्या सुटलेल्या वेणीला सावकाश पेड घालत होता.